सातव्या मजल्यावरचे शुक्रवार

फादरांनी मला आजाऱ्यांच्या भेटीला जायला निवडलं, ते माझी भक्ती पाहून नव्हे. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला मी शेवटच्या बाकावर बसतो, कारण तिथे दारातून वारा येतो. फादरांनी कारण सरळ सांगितलं.

"तुम्ही एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचलेत. अनोळखी दारं वाजवायची तुम्हाला सवय आहे. बाकीच्यांना लाज वाटते."

हे खरं होतं. एकतीस वर्षं मी वसईपासून विरारपर्यंत दारं वाजवली, आणि मला पाहून आनंद झालेला एकही माणूस मला आठवत नाही. फादरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला कशाचंच वाईट वाटणार नाही." नाही म्हणायला गेलो होतो तो हो म्हणून परत आलो.

कोरोनात चर्च बंद झालं आणि पुन्हा उघडलं तेव्हा आमच्या आगाशीकडच्या वाड्यांतली माणसं परत आली. बोळिंजच्या उंच इमारतींतली काही आली नाहीत. काही वारली होती, काही गावाला गेली होती, आणि काही अंथरुणाला खिळली होती, पण ते कोणाला माहीत नव्हतं. फादरांनी फोन करकरून एक यादी केली. दर महिन्याचा पहिला शुक्रवार हा आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन द्यायचा दिवस असतो. पण फादर म्हणाले, माणूस महिन्यातून एकदाच आजारी नसतो, दर शुक्रवारी जा.

दिवस तसे दुसऱ्या अर्थानेही बरे नव्हते. कुठल्या तरी गावात प्रार्थनेवरून भांडण झालं, कोणाला पोलिसांनी नेलं, अशा बातम्या फोनवर रोज येत. खऱ्या किती, खोट्या किती, कळायला मार्ग नव्हता. फादरांनी तीन सूचना दिल्या. कधीही एकट्यानं जायचं नाही. पत्रकं, पुस्तकं काही न्यायची नाहीत. आणि कोणी काही विचारलं तर खरं सांगायचं, वाद घालायचा नाही.

एकट्यानं जायचं नाही म्हणून माझ्याबरोबर बाईंना दिलं. बाईंनी मला पाचवीत मराठी शिकवलं होतं. आता त्यांचं वय शहात्तर होतं आणि माझं एकसष्ट, पण त्यांच्या लेखी त्यामुळे काही बदललं नव्हतं. मी रिक्षात बसलो की त्या म्हणत, "सरळ बस." मी सरळ बसत असे.

कम्युनियनची छोटी गोल डबी बाईंच्या गळ्यात कापडी पिशवीत असे. त्यात पवित्र भाकर. आमच्या दृष्टीनं तो स्वतः ख्रिस्तच, त्यामुळे ती जवळ असताना वाटेत थांबायचं नाही, भाजी घ्यायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, असा बाईंचा नियम होता. नाक्यावर ओळखीचं कोणी "कुठे निघालात?" असं विचारलं की त्या नुसती मान हलवत. महिनाभरात निम्म्या आगाशीचा समज झाला की बाईंचा घसा बसलाय.

यादीतलं चौथं घर बोळिंजच्या एका मोठ्या सोसायटीत होतं, सातव्या मजल्यावर. तिथली बाई मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका होती. मूळची नगरकडची, कॅथलिक घरातली. वय सत्तावन्न. यकृताचा कॅन्सर होता आणि औषधं थांबवली होती. नवरा हिंदू, साताऱ्याकडचा, सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेला. मूलबाळ नव्हतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्यानं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाला, "तुझी माणसं आलीत."

ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. डोळे पिवळे झाले होते, पण नजर इस्पितळातलीच होती. आम्ही खोलीत येताच तिनं आधी आमच्या चपला पाहिल्या, मग हात, मग तोंड.

"मी आधीच सांगते," ती म्हणाली. "लग्न कोर्टात केलंय. सत्तावीस वर्षं चर्चची पायरी चढलेली नाही. फोन आला तेव्हा हो म्हणाले, कारण त्या दिवशी कोणाचाच फोन आला नव्हता. चालेल का?"

बाई म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना करू. कम्युनियनचं फादर पाहतील."

"प्रार्थना छोटी करा. मला फार वेळ बसवत नाही."

बाईंनी छोटी केली. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केल्यावर तीही म्हणायला लागली आणि मध्येच अडकली. पुढचे शब्द तिला आठवेनात. तिला त्याचा राग आला. "औषधांची सगळी नावं पाठ आहेत," ती म्हणाली, "आणि हे विसरले." मग तिनं ते पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेतलं, दोनदा. त्या दिवशी प्रार्थना छोटी झाली नाही. तेवढा वेळ नवरा स्वयंपाकघरात होता. प्रार्थना संपल्यावर चहा आला. त्यानं तो आधीच करून ठेवला असावा, कारण त्यावर साय आली होती.

त्या आठवड्यात फादर स्वतः तिच्याकडे जाऊन आले. दार लावून तासभर बसले. लग्नाचं, पापांच्या कबुलीचं काय ते त्यांनी पाहिलं असेल, आम्ही विचारलं नाही. आम्हाला एवढंच सांगितलं, "द्या तिला."

त्यानंतरचे शुक्रवार ठरल्यासारखे जाऊ लागले. समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहत, सत्तरीच्या आत-बाहेर. मुलगा आणि सून कामावर गेले की त्या दार उघडं ठेवून बसत. आम्ही आलो की त्याही यायच्या आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसायच्या. प्रार्थना चालू असताना हात जोडायच्या, झाली की "बरं वाटलं" म्हणायच्या. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, "तुमच्या देवाला माझ्या गुडघ्यांचं सांगता का?"

बाईंनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि दोन वाक्यं म्हटली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. काकूंनी घरी जाऊन ते सुनेला सांगितलं, सुनेनं नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की बाहेरची माणसं इमारतीत शिरून ज्येष्ठ नागरिकांवर धार्मिक प्रकार करत आहेत.

पुढच्या शुक्रवारी वॉचमननं आम्हाला गेटवर थांबवलं. "अंकल, सेक्रेटरी साब ने बोला है, पहले ऑफिस में."

ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, गणपतीची तसबीर आणि पाण्याच्या टाकीची चावी. सेक्रेटरी पंचेचाळीसचा असेल. कोकणातला, एका कंपनीत नोकरीला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणारा. शर्ट इस्त्रीचा. शेजारी काकूंचा मुलगा बसला होता आणि आणखी एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

"बसा काका, बसा मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. "मला वैयक्तिक काही नाही. पण तक्रार आली की मला विचारावं लागतं."

त्यानं पाणी दिलं. मी प्यायलो. बाईंनी घेतलं नाही.

"तुम्ही इथे कशासाठी येता?"

"सातव्या मजल्यावर आजारी बाई आहे. तिला भेटायला," मी म्हणालो.

"समोरच्या काकूंवर तुम्ही काही विधी केलात असं यांचं म्हणणं आहे."

आता मला जे सांगायचं आहे ते मी नंतर फादरांना कबुलीत सांगितलंच आहे, त्यामुळे इथेही सांगायला हरकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फोनवरच्या बातम्या आल्या. पोलिसांची गाडी आली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तोही ओळखपत्रावरचा, ज्यात मी चोर दिसतो. आणि मी म्हणालो, "मी नाही केला. या बाईंनी केला."

खोलीत पंखा चालू होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो, मी केला," त्या म्हणाल्या. "त्यांचे गुडघे दुखतात. मी देवाला सांगितलं, यांचे गुडघे बरे कर. बरे झालेले नाहीत. तुम्ही त्यांना विचारू शकता."

काकूंचा मुलगा म्हणाला, "आज गुडघे, उद्या आणखी काही. माझी आई भोळी आहे. तिला तुम्ही बाटवाल."

"तुमची आई दर शुक्रवारी मला संतोषीमातेची गोष्ट सांगते," बाई म्हणाल्या. "मी ऐकते. मी अजून बाटलेली नाही."

सेक्रेटरीनं खोकून विषय बदलला. "गळ्यातल्या त्या पिशवीत काय आहे?"

"आजारी बाईचा प्रसाद."

"उघडून दाखवता का? म्हणजे प्रश्नच मिटेल."

"नाही."

"मॅडम, त्यात लपवण्यासारखं काही नसेल तर..."

"तुमच्या घरी देव्हारा आहे?"

"आहे."

"त्यातला देव मी हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघायचा म्हटलं, तर द्याल?"

सेक्रेटरीनं खरोखरच विचार केला. तो तसा सरळ माणूस होता. "नाही देणार," तो म्हणाला.

"मग झालं."

तेवढ्यात आजारी बाईचा नवरा खाली आला. घरातल्या चपला, बनियनवर कसाबसा घातलेला शर्ट, दोन बटणं उलटसुलट. तो दारातच उभा राहिला.

"ती वाट बघतेय," तो म्हणाला. "सकाळपासून औषध घेतलं नाही, म्हणते आधी बाई येऊ देत. तुमचं काय चाललंय इथे?"

"चौकशी आहे फक्त," सेक्रेटरी म्हणाला.

"माझ्याकडे कोण यावं हे मी ठरवतो. तुम्हाला नोटीस काढायची असेल तर काढा, मी वाचेन." मग तो बाईंना म्हणाला, "चला."

नोटीस त्याच संध्याकाळी लागली. बाहेरील व्यक्तींनी ज्या सदनिकेत जायचे आहे त्याच सदनिकेत जावे व येण्याचे कारण रजिस्टरमध्ये स्पष्ट लिहावे. लिफ्टच्या बाजूला, चपलांचे स्टँड जिन्यात ठेवू नयेत या नोटिशीखाली.

त्याआधी, वर गेल्यावर त्या आजारी बाईला सगळी हकीकत हवी होती. गुडघे बरे झालेले नाहीत, इथपर्यंत ऐकून ती इतकी हसली की तिला धाप लागली आणि नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा भाग बाईंनी गाळला. त्यांनी तो गाळला हे मला सांगितला असता त्यापेक्षा जास्त लागलं. परत येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. आता डबी रिकामी होती, म्हणजे बोलायला नियमाची अडचण नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी बायकोला सांगितलं की माझं ब्लडप्रेशर वाढलंय. आमच्याकडे ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र आहे. तिनं ते काढलं, माझ्या दंडाला गुंडाळलं आणि आकडा पाहून परत डब्यात ठेवलं. मग ती आत गेली, साडी बदलून आली आणि म्हणाली, "बाई नाक्यावर एकट्या उभ्या असतील. मी जाते." प्रत्यक्षात आमच्या घरच्या बोलीत ती हे याहून खूप कमी शब्दांत म्हणाली, आणि त्यातला एक शब्द मी इथे लिहीत नाही.

ती दुपारी परतली. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. चहा छान होता. ती समोरची म्हातारी आली होती."

"नोटीस लागलीय ना?"

"नोटीस बाहेरच्या माणसांना आहे. ती इमारतीतलीच आहे. ती कुठेही जाऊ शकते, असं तीच म्हणाली. मुलाला पण तसंच सांगितलंय तिनं." मग भांडी लावता लावता म्हणाली, "त्या आजारी बाईनं तुमचं विचारलं. मी सांगितलं ब्लडप्रेशर आहे. ती म्हणाली, किती? मी खरा आकडा सांगितला. ती म्हणाली, हा तर तरुण माणसाचा आकडा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. त्या ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या, त्यांच्या वाडीत अजून थोडा मोगरा आहे. मी उभा राहिलो. त्यांनी बस म्हटलं नाही.

"बाई, मी त्या दिवशी चुकलो."

"काय चुकलास?"

"तुमचं नाव पुढे केलं."

त्यांनी चार-पाच कळ्या निवडल्या. "खोटं नाही बोललास," त्या म्हणाल्या. "मी केलं होतं, तू मी केलं म्हणून सांगितलंस. फक्त ते तुझ्या आधी मला सांगायचं होतं. तू घाई केलीस."

"मला भीती वाटली."

"मलाही वाटली. मी पाणी का नाही घेतलं? हात थरथरत होता, पेला धरता आला नसता."

हे मला कधीच कळलं नसतं. मी खाली बसलो आणि कळ्या निवडायला लागलो. बाईंनी माझ्या निवडलेल्यांतल्या निम्म्या परत काढल्या. निघताना म्हणाल्या, "शुक्रवारी सव्वानऊला. बायकोलाही आण हवं तर. ती बरी आहे."

त्यानंतर आम्ही तिघं जाऊ लागलो. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात मी 'आजारी भेट' लिहीत असे. काकू स्टुलावर असत. ती आजारी बाई दर आठवड्याला थोडी कमी होत चालली होती. स्वतः परिचारिका असल्यामुळे ती आम्हाला पुढचं सगळं आधीच सांगत असे: आता पाय सुजतील, आता झोप वाढेल, आता मी काहीतरी असंबद्ध बोलेन, तेव्हा मनावर घेऊ नका. पण असंबद्ध ती कधीच बोलली नाही. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "भाऊ, मला तुमच्याकडे पुरा. यांना सांगून ठेवलंय, कागदावरही लिहून दिलंय. पण यांची माणसं आली की हे गप्प बसतील. तेव्हा तुम्ही बोला."

मी बरं म्हणालो. माझ्या बोलण्यावर कोणी विसंबावं अशी माझी तोवरची कामगिरी नव्हती, पण तिला ती माहीत नव्हती. किंवा असेल.

ती एका मंगळवारी सकाळी अकराला गेली. नवऱ्यानं मला फोन केला. "ती गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्यात आता काय करायचं असतं? मला काही माहीत नाही."

आम्ही पोहोचलो तेव्हा काकू आधीच तिथे होत्या. त्यांनी आणि माझ्या बायकोनं मिळून तिला आंघोळ घातली. मग काकूंनी आपल्या कपाटातली एक हिरवी साडी आणली, घडीही न मोडलेली, आणि हळदीकुंकवाची कोयरी. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, तेव्हा हे करायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाई एका बाजूला जपमाळ घेऊन उभ्या होत्या. फादर तेवढ्यात दारात आले. काकूंचा हात कुंकवात होता. सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं.

फादरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो त्यांनी बराच वेळ पुसला. परत घातला तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात क्रूस होता, आणि ते म्हणाले, "आपण प्रार्थना सुरू करू या."

अडचण पुढे आली. शववाहिकेबरोबर आलेली पेटी लिफ्टमध्ये मावेना. आडवी नाही, तिरकी नाही. उभी मावली असती, पण ते कोणी बोललं नाही. वरती रिकामी पेटी कशीबशी जिन्यानं आणली होती. भरलेली सात मजले खाली न्यायची होती. सातारची माणसं अजून वाटेत होती. आमच्याकडचे तरुण कामावर गेलेले. उचलणारे आम्ही तिघं: नवरा, मी आणि शववाहिकेचा ड्रायव्हर.

सेक्रेटरी त्या दिवशी घरून काम करत होता. तो फोन कानाला लावूनच वर आला, फोनवर म्हणाला, "मी जरा बाहेर आहे," आणि फोन खिशात ठेवला. त्यानं जिना पाहिला. प्रत्येक मजल्यावर चपलांचे स्टँड, कुंड्या, एक लहान मुलाची सायकल. इतकी वर्षं तो याविरुद्ध नोटिसा काढत आला होता आणि एकाही स्टँडनं जागा सोडली नव्हती. तो खाली उतरत गेला आणि प्रत्येक दारावर एवढंच म्हणाला, "सातव्यावरच्या सिस्टर गेल्या. न्यायचं आहे." दहा मिनिटांत जिना तळापर्यंत मोकळा झाला.

परत वर येताना त्याच्याबरोबर वॉचमन होता आणि काकूंचा मुलगा. मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कुठली बाजू धरू?"

आम्ही सहाजण. पुढे फादर क्रूस घेऊन. पायऱ्यांवर अडचण नव्हती, पण वळणावर पेटी फिरेना. पाचव्या मजल्यावर ती भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकली. ड्रायव्हर म्हणाला उभी करू. नवऱ्यानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर तो पुन्हा काही बोलला नाही. सेक्रेटरीला घाम आला होता, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो म्हणाला, "आता?"

वरच्या पायरीवरून बाईंचा आवाज आला. वर्गातला आवाज. "कठड्याच्या वरून घ्या. मागच्यांनी खांद्यापर्यंत उचला. पुढच्यांनी एक पायरी खाली. अजून एक. आता फिरवा. हळू. तू सरळ उभा राहा."

शेवटचं मला होतं. पेटी कठड्यावरून फिरली. पुढच्या प्रत्येक वळणावर सेक्रेटरी मान वर करून विचारी, "बाई, आता?" आणि बाई सांगत. मॅडम कधी बाई झाल्या ते त्याच्याही लक्षात आलं नसेल.

सातारची माणसं थेट सिमेट्रीतच आली. थोरला दीर खड्ड्याजवळ उभा राहून हळूच म्हणाला, "अग्नी नाही का द्यायचा?" नवरा जमिनीकडे पाहत राहिला. तिनं सांगितलं होतं तसंच.

मी पुढे झालो. "वहिनींनी सांगून ठेवलंय," मी म्हणालो. "लिहूनही दिलंय. मला स्वतः सांगितलं. इथेच पुरायचं."

दिरानं भावाकडे पाहिलं. भावानं मान हलवली. दीर म्हणाला, "मग तसंच करा," आणि टोपी काढून हातात घेतली. एवढंच झालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी झालं.

माती द्यायची वेळ आली तेव्हा सेक्रेटरी फाटकाशी उभा होता. आत यावं की नाही याचा त्याला अंदाज नसावा. मी त्याला हात केला. तो आला, माझं पाहून मूठभर माती टाकली. परत जाताना त्यानं विचारलं, "काका, त्या डबीत खरंच काय असतं?"

"गव्हाची पातळ चकती. एवढीशी."

"एवढंच होतं तर त्या दिवशी दाखवायला काय हरकत होती?"

"आमच्यासाठी एवढंच नसतं म्हणून."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

नोटीस अजून आहे. सोसायटीच्या नव्या समितीनं ती लॅमिनेट करून घेतली. चपलांचे स्टँड तिसऱ्या दिवशी जिन्यात परत आले. काकूंच्या गुडघ्यांचं नंतर ऑपरेशन झालं आणि त्या आता बऱ्या चालतात. त्याचं श्रेय त्या डॉक्टरला, बाईंना आणि संतोषीमातेला सारखं वाटून देतात. मुलगा आम्हाला भेटला की "नमस्कार" म्हणतो आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं जातो.

गेल्या पावसाळ्यात बाई अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता यादीत त्यांचंच नाव आहे. डबी माझ्या बायकोच्या गळ्यात असते. मी बायबलमधलं वाचन करतो आणि बाई पलंगावरून माझे उच्चार सुधारतात. स्वल्पविरामाला थांबलो नाही तर मागे जायला लावतात, त्यामुळे त्यांच्या घरी सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एका शुक्रवारी आमची प्रार्थना चालू असताना अंगणात रिक्षा थांबली. सातव्या मजल्यावरचा तो नवरा उतरला. हातात एक वॉकर, तिचा. कोणाकडून तरी त्याला बाईंचं कळलं होतं. तो दारात थांबला, आमचं संपेपर्यंत आत आला नाही. मग आला आणि म्हणाला, "हा नुसता पडून होता."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला, पण वॉकरकडे पाहून परत उठला. तिची उंची कमी होती आणि बाई उंच आहेत, तेव्हा चारही पाय वाढवायला हवे होते. त्यानं खिशातून पाना काढला. तो घरून घेऊन आला होता. मग जमिनीवर मांडी घालून त्यानं एकेक पाय सैल करायला घेतला. एक स्क्रू गंजला होता. बाई पलंगावरून सांगत होत्या, "उजवीकडे. नाही, माझ्या उजवीकडे." तो "हो बाई" म्हणत होता. माझी बायको चहा ठेवायला आत गेली आणि मी दुसरं टोक धरून बसलो.